पेट्रोलची चौकशी

सोमवार, १४ जुलै २०२५, इंदापूर

आज निवृत्त कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझी शोभा झाली, म्हणून ही रोजनिशी सुरू करतो आहे.

सकाळी कुणीतरी व्हिडिओ टाकला. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गाड्यांची इंजिनं कशी खलास होतायत, त्याचा. लगेच सगळे तुटून पडले. कुणाची गाडी आचके देते, कुणाचं मायलेज पडलं, कुणाची स्कूटर सकाळी चालूच होत नाही. मग आबाजीनं लिहिलं, "मानसिंगरावांना विचारा. त्यांनीच केलंय ते." त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

केलंय, खरंच. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी गेली. मळीपासून अल्कोहोल काढायचं, त्यातलं पाणी काढायचं, शुद्धता तपासायची, टँकर सोडायचा. नळीतला नमुना खिडकीपाशी धरून बघताना वाटायचं, परदेशातून बोटीत भरून आणतात ते तेल, आणि हे आपल्या काळ्या मातीतलं. त्याला कुणी नावं ठेवली की मला घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागतं.

पण त्याच माणसाची गाडी, २००९ ची, पांढरी, गेल्या महिन्यापासून आचके देते आहे. हे मी ग्रुपवर सांगितलेलं नाही.

तेव्हा ठरवलं, कुणाचं ऐकायचं नाही. आपण तपासायचं. गाडी कशी चालली ते लिहीत जायचं. दोष इथेनॉलचा निघाला तर तोंडानं कबूल करीन. निघेल असं वाटत नाही.

द्वारका चहा घेऊन आली. "गाडीचं लिवताय तर जरा तुमच्या शुगरचं बी लिवा," म्हणाली. मी म्हटलं, हे शास्त्रीय काम आहे.


गुरुवार, १७ जुलै

गुरुवार आप्पाचा. माझा थोरला भाऊ आप्पासाहेब पिंपळीला शेतात राहतो. हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. दर गुरुवारी मी आणि द्वारका पिंपळीला जातो, त्याला गाडीत घालतो आणि बारामतीला व्यायामाच्या डॉक्टरकडे नेतो. रिक्षात त्याचा तोल जातो. दुसऱ्याच्या गाडीत बसायला तो तयार नाही. माझ्या गाडीत मात्र पुढच्या सीटवर राजासारखा बसतो आणि डाव्या हातानं डॅशबोर्ड थोपटतो.

आजची नोंद. निमगाव केतकीपर्यंत ठीक. लासुर्ण्याच्या गतिरोधकावर दोन आचके आणि गाडी बंद. भवानीनगरला पुन्हा एक. बारामतीत सिग्नलला सुटताना गाडी बेडकासारखी उडाली. मागून द्वारका म्हणाली, "अहो, पाय कुठं हाय तुमचा?" म्हटलं, पाय जागेवर आहे, पेट्रोल जागेवर नाही.


शनिवार, १९ जुलै

गाडी मुबीनच्या गॅरेजला नेली. बाह्यवळणावर त्याचं गॅरेज, शेजारच्याच गाळ्यात त्याच्या बहिणीचा, नसरीनचा, बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास.

मुबीननं पेट्रोलचा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा मऊ झालेला, दाबला तर आतून काळं सुटत होतं. फिल्टरही काळा.

"काका, हे तुमच्या मालाचं काम," तो म्हणाला.

मला राग आला, पण हातातला पाइप खोटं बोलत नव्हता. त्या काळच्या गाड्यांचं रबर अल्कोहोलसाठी नव्हतंच. अल्कोहोल ते फुगवतं, शिवाय टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून पुढं पाठवतं. हे मला ठाऊक होतं. माझ्याच गाडीत होईल असं वाटलं नव्हतं, इतकंच.

मुबीननं नव्या पेट्रोलला चालणारा पाइप घातला, फिल्टर बदलला आणि गाडी स्टँडपर्यंत फिरवून आणली. मी शेजारी बसलो होतो. एक आचका नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी.

मी घरी आणली, तर गेटातच आचका.

इंजिन तोवर थंड झालं असणार.


शनिवार, २६ जुलै

मायलेज काढलं. किलोमीटरचा आकडा कधीचाच अडकलेला आहे, त्यामुळं टाकी फुल्ल करून ठरलेल्या फेऱ्यांवरून हिशेब करतो. उत्तर धक्कादायक आहे. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणानं मायलेज थोडं पडणारच. शंभरातले सहा-सात जावेत. माझे पंचवीस गेले. हे रसायनशास्त्रात बसत नाही. गळती म्हणावी तर गाडीखाली टिपूस नाही.

दुसरी एक बारीकशी गोष्ट. ड्रायव्हरची सीट हल्ली पुढं सरकलेली सापडते. परवा बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला भिडले. आरसाही खाली वाकलेला. द्वारका म्हणाली, "मी आतून पुसून घेते हो रोज." बरी गोष्ट आहे. सीटचा खटका मात्र झिजलेला दिसतो, मुबीनला दाखवायला हवा.


मंगळवार, २९ जुलै

दुपारी झोपून उठलो आणि सहज बॉनेटवर हात ठेवला तर गरम. आभाळ दिवसभर भरलेलं होतं. तरी मधे ऊन पडलं असेल.


रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी पोहे खाताना द्वारकानं विचारलं, "अहो, अर्धा क्लच म्हंजे काय असतंय?"

मला इतका आनंद झाला! चाळीस वर्षांत माझ्या कामात तिनं पहिल्यांदा रस घेतला. मी दोन ताटल्या समोरासमोर धरून समजावलं, ही एक चकती, ही दुसरी, एकमेकींना नुसत्या टेकल्या की गाडी सरकायला लागते, आणि त्या टेकण्याची चाहूल पायाला लागते. कान देऊन ऐकत होती.

"आणि पायाला लागलीच न्हाय तर?" म्हणाली.

"न लागायला काय झालं? सवयीनं लागते."

यावर ती उठून गेली.


शनिवार, ९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

पावसात बाजार करून आलो. घरात शिरलो आणि बघतो तर एका पायात चप्पल नाही. गाडीपासून दारापर्यंतच्या चिखलात रुतून राहिली होती. नवी चप्पल, तळवा गुळगुळीत, निसटली ते कळलंच नाही.

द्वारकानं परातीत पाणी आणून ठेवलं. "पाय घाला. गरम हाय का बघा."

मी पाय बुडवले. म्हटलं, कोमट आहे, चांगलं आहे. तिनं बोटं घातली आणि चटकन मागं घेतली. मग माझे पाय धरून बाहेर काढले आणि पदरानं पुसत बसली. पाय लालबुंद झाले होते. मी हसलो. डिस्टिलरीच्या गरम फरशीवर उभं राहून राहून तळवे कातड्याच्या बुटासारखे झालेत, म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "डॉक्टरकडं जाऊया. पायाचं दाखवूया."

म्हटलं, आधी गाडीचं मिटू दे.


मंगळवार, १२ ऑगस्ट

आज एक गोष्ट केली, जी मला शोभत नाही. पुण्याच्या रस्त्याच्या पंपावर जाऊन भारीतलं पेट्रोल भरलं, जास्त ऑक्टेनचं.

मला पक्कं माहीत आहे की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे धीर. सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी ठिणगी पडेपर्यंत पेटायचं नाही, हा धीर. तो कमी पडला तर पेट्रोल भलत्या वेळी पेटतं, इंजिन टकटक ठोके देतं आणि आतले भाग झिजतात. माझ्या गाडीचं इंजिन साधं, दाब कमी, त्याला साध्या पेट्रोलचा धीर पुरतो. आणि इथेनॉल तर तो वाढवतंच. नोकरीत असताना हेच मी शिकाऊ मुलांना सांगायचो.

तरी भरलं. माणूस आजारी पडला की अंगारा घेतो, तसं.

घरी येईस्तोवर गाडी छान पळाली असं वाटलं. लांब टप्प्याला ती पळतेच म्हणा. घराच्या वळणावर आचका दिलाच.


शुक्रवार, २२ ऑगस्ट

द्वारका आज नसरीनबरोबर बारामतीला गेली होती. साडी घ्यायची म्हणून. साडी आणली नाही. पेढे आणले.

"कसले पेढे?"

"असंच. बरं वाटलं म्हणून आणलं. तुमाला न्हाईत, शुगर हाय तुमाला."

शेजारीपाजारी वाटून आली. मुबीनच्या गॅरेजलाही डबा पाठवला. साडी मिळाली नाही तरी बाईमाणूस इतकं खूश, हे मी पहिल्यांदा पाहिलं.


सोमवार, १ सप्टेंबर

गाडी धुताना मागच्या काचेच्या कोपऱ्यात लाल कागदाचा तुकडा चिकटलेला सापडला. नखानं खरवडून काढला. गणपतीच्या वर्गणीवाल्या पोरांचा चावटपणा.

मायलेज जरा सुधारलं आहे. कारण सापडत नाही.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

काल जे झालं ते लिहायला आज बसतो आहे. पाय उशीवर ठेवला आहे. 

पिंपळीला पोचलो तेव्हा आप्पा नेहमीप्रमाणे अंगणात लिंबाखाली बाजेवर तयार होऊन बसला होता. पांढरा सदरा, टोपी, काठी मांडीवर. छबूबाई वहिनींनी लोणच्याच्या बरण्या धुऊन गुरांच्या हौदाच्या कठड्यावर पालथ्या घातल्या होत्या. मी नेहमीसारखा अंगणात वळलो आणि बाजेजवळ थांबायला ब्रेक दाबला.

इंजिन ओरडलं. गाडी थांबायच्या ऐवजी सुटली. मी आणखी जोरात दाबलं, ती आणखी सुटली. समोर आप्पा. त्याला उठता येत नाही. त्यानं फक्त डावा हात वर केला, बैल थांबवतात तसा. मी स्टिअरिंग मारलं. गाडी बाजेच्या खुराला घासून हौदावर आदळली आणि बंद पडली. बरण्या खाली येऊन फुटल्या.

मी उडी मारून आप्पाकडं धावलो. त्याचे पाय, गुडघे चाचपले. वहिनी ओरडत आल्या. "भावजी, रक्त! रक्त निघालंय!"

अंगणभर रक्ताचे ठिपके होते. मी घाबरून आप्पाचं धोतर वर केलं, पोटऱ्या बघितल्या, पाठ बघितली. कुठं खरचटलेलंही नव्हतं. मला वाटलं, आत काहीतरी तुटलंय. मी त्याला हलवत होतो, "आप्पा, कुठं लागलं? बोल की!" त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि काठीनं जमिनीकडं दाखवलं.

ठिपके नव्हतेच ते. पावलं होती. गाडीपासून बाजेपर्यंत एका पायाची पावलं, माझ्या पायाची. चप्पल गाडीतच पेडलखाली पडली होती, आणि मी अनवाणी पायानं काचांवरून धावत आलो होतो. टाचेत बरणीचा तुकडा बोटभर रुतलेला होता.

मला काहीच लागलं नव्हतं. म्हणजे लागलं होतं. मला कळलं नव्हतं.

मी बाजेच्या कडेला बसलो. तुकड्याकडं बघत राहिलो. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा तो दिसत होता. तोंडातून निघालं, "पेट्रोल... केबल अडकली असणार..."

द्वारकानं माझ्या टाचेला टॉवेल बांधला. मग उठली, मला धरून गाडीच्या डाव्या बाजूला नेऊन बसवलं, फिरून ड्रायव्हरच्या दारानं आत बसली. मी म्हटलं, "अगं, तू काय करतेस?" तिनं हात खाली घालून खटका ओढला आणि सीट पुढं घेतली. एका झटक्यात, न बघता. सीट नेमकी तिथं येऊन थांबली, जिथं ती मला इतके दिवस सापडत होती.

आरसा खाली वाकवला. किल्ली फिरवली. मागं बघत गाडी हौदापासून काढली, अंगणात वळवली. पुढचा बंपर लोंबत होता, पण गाडी चालत होती. रस्त्याला लागल्यावर दुसरा गिअर, तिसरा. एक आचका नाही.

  बारामतीच्या पुलाजवळ म्हणाली, "पाय वर धरा. रक्त वाहतंय."

दवाखान्यात टाके घातले. नंतर एक तरुण डॉक्टरीण आली, स्वप्नाली का काहीतरी नाव. म्हणाली, "आबा, डोळे मिटा. मी पायाला दोऱ्यानं स्पर्श करीन, कळला की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. म्हटलं, "करा सुरू."

"झालं सुद्धा," ती म्हणाली.


शनिवार, १३ सप्टेंबर

मुबीन घरी येऊन गेला. अ‍ॅक्सिलरेटरची केबल काढून, तेल घालून, पुन्हा बसवून बघितली म्हणे. तिला काही झालेलं नाही. "आन काका, मी बी चुकलो," म्हणाला. "मी बी सगळं त्या पेट्रोलवरच ढकलत होतो." पाइपाचं तेवढं खरं होतं, बाकीचं नव्हतं.


रविवार, १४ सप्टेंबर

दोन दिवस द्वारकाशी बोललो नाही. आज तिनंच ताट ठेवलं आणि समोर बसली.

"किती दिवस फुगून बसणार हाय?"

मी म्हटलं, "शिकलीस, लायसन काढलंस, गावाला पेढे वाटलेस. सगळ्या इंदापूरला माहीत. मला तेवढं नाही."

"सांगितलं असतं तर किल्ली लपवून ठेवली असती तुमी."

खोटं नव्हतं. तरी मी विचारलं, "पण शिकायचं कधी सुचलं तुला? या वयात?"

"उन्हाळ्यात. गच्चीवर मी कुरडया घालत हुते. तुमी अनवाणी आला आन फरशीवर हुबं राहून माज्याशी बोलत बसला. गाडीचंच कायतरी. मला चपला घालून चटका बसत हुता. खाली आल्यावर बघितलं तर तळव्याला फोड. तुमाला पत्ताच न्हाय. आन त्याच पायानं तुमी गाडी चालवणार, मी मागं बसणार, पुढं आप्पा. मग नसरीनकडं गेले. म्हणलं, बाई, मला शिकव. आन शिकव लवकर."

"मला म्हणायचं होतंस."

"म्हणलं की! परातीचं पाणी झालं तवा म्हणलं. त्याच्या आधी म्हणलं, नंतर म्हणलं. दर बारीला तुमी म्हणलात, पेट्रोल."

 आमटी निवत होती.

"भीती वाटत नव्हती का गं?" मी विचारलं.

"वाटतंय की. अजून वाटतंय. पैल्या दिशी तर क्लच सोडला आन गाडी मुबीनच्या दारात घातली मी." तिला हसू आलं. मग तिचे डोळे भरले. "त्या दिशी पिंपळीला मी मागं बसले हुते. मला वाटलं, गेले आप्पा. मला वाटलं, मी उशीर केला."

मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत जेवताना कधी धरला नव्हता.


बुधवार, १७ सप्टेंबर

आडवं पडून मागची पानं वाचली. चप्पल, परात, सीट, मायलेज, बॉनेट, पेढे, काचेवरचा शिकाऊ 'एल'चा लाल कागद. सगळं माझ्याच अक्षरात आहे. नमुना डोळ्यासमोर होता आणि मी बाटलीचं लेबल वाचत बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते उतरवून ठेवतो. साखरेनं पायाच्या नसा हळूहळू मरतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येण्याची खात्री नाही, राहिलेलं जपता येईल. जखम भरेपर्यंत टाच टेकायची नाही. गाडी चालवायची नाही. मी विचारलं, जखम भरल्यावर? त्या म्हणाल्या, "त्याच्यानंतरही नाही, आबा."

मी मान डोलवली. बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा रडू आलं. द्वारका औषधं आणायला गेली होती, ते बरं झालं.


गुरुवार, १८ सप्टेंबर

आप्पाचा वार. मला वाटलं, आता आप्पा गाडीत बसायचा नाही. माझ्यावर त्याचा भरवसा उरला नसणार, आणि बाईच्या हातची गाडी तर त्याला कशी चालेल.

मी मागच्या सीटवर, पाय आडवा टाकून. द्वारका चालवत होती. वेग इतका कमी की निमगावला एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं. प्रत्येक वळणावर हॉर्न. मी एक-दोनदा म्हणालो, "तिसरा टाक, तिसरा." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, थांबवली आणि म्हणाली, "तुमी चालवताय का मी?" पुढं मी खिडकीतून ऊस बघत बसलो.

पिंपळीला वहिनींनी आप्पाला धरून आणलं. त्यानं गाडीत बघितलं. स्टिअरिंगवर धाकटी भावजय, डोक्यावर पदर, चष्मा नाकावर. बराच वेळ बघत राहिला. 

मग त्यानं काठी वहिनींकडं दिली, वाकला, पुढच्या सीटवर बसला आणि डाव्या हातानं पट्टा ओढून द्वारकापुढं धरला. लावून दे, म्हणून. माझ्या गाडीत त्यानं पट्टा कधी लावला नव्हता.

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. द्वारकानं पट्टा लावून दिला. "निघायचं का, दादा?" आप्पानं समोर हात केला. चल.


सोमवार, २९ सप्टेंबर

ग्रुपवर आज लिहिलं. चार वेळा खोडलं, मग पाठवलं. जुन्या गाडीचा रबरी पाइप आणि फिल्टर तपासून घ्या, अल्कोहोलनं ते खराब होतात, हे खरं आहे. मायलेज थोडं पडतं, हेही खरं. भारीतलं पेट्रोल साध्या इंजिनात घालून काही होत नाही. आणि आचके फक्त तुम्ही चालवताना बसत असतील, तर पाय तपासून घ्या.

पुढचा पायाचा प्रकार सगळा लिहिला.

 एक हसरं तोंड आलं नाही. दुपारी आबाजीचा फोन आला. त्यानं आधी ऊसदराच्या, मग पावसाच्या गोष्टी केल्या. शेवटी आवाज उतरवून म्हणाला, "मानसिंगराव, ती डॉक्टरीण कुठं बसते? मला बी राच्याला पायात मुंग्या येतात."

मी त्याला पत्ता दिला. म्हटलं, एकटा जाऊ नको. आम्ही गुरुवारी निघतोच, चल आमच्याबरोबर.


गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज आप्पाच्या व्यायामाला सुट्टी. द्वारका तिच्या भावाकडं सुप्याला गेली. गाडी घेऊन. बारामतीपर्यंत नसरीन सोबत, तिची मावशी तिथं राहते. तिथून पुढं मोरगावमार्गे सुपे, एकटी.

दरवर्षी मीच नेत आलो. दुपारी पोचायचं, ओवाळणी झाली की चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी म्हणायचो, "चला, अंधार पडायच्या आत निघू." ती मुकाट उठायची. आज सकाळी विचारलं, कधी येशील? म्हणाली, "बघू."

जखम भरत आली आहे, पण डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास नको म्हटलंय. मऊ तळव्याचे बूट दिलेत, दिसायला बेढब. रोज निजायच्या आधी द्वारका आरसा धरते आणि मी तळवे बघतो.

बारामतीहून फोन आला, पोचलो. नंतर बराच वेळ नाही. मोरगावच्या पुढं रस्ता मोकळा आहे, गाड्या सुसाट येतात. ती कडेनं जाईल का, समोरच्यानं दिवे मारले तर गोंधळेल का. मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला, गाडी चालवणाऱ्या माणसाला फोन करू नये म्हणून. शेवटी तिचाच आला. मागं भाच्यांचा गलका.

"पोचले. जेवायला बसतोय."

"गाडी कशी चालली?"

"गाडीला काय झालंय!" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपार गेली. चार वाजले, पाच वाजले. दिवेलागणीला मी बूट चढवून, काठी घेऊन गेटापाशी जाऊन उभा राहिलो. गल्लीत आकाशकंदील लागले होते. एक मोटारसायकल गेली, एक पाण्याचा टँकर गेला. मग कोपऱ्यावर एक गाडी वळल्याचा आवाज आला. इंजिन एका सुरात चाललेलं, ठोका नाही, धाप नाही, गिअर बदलला तोही नुसता हुंकारासारखा. मनात आलं, कुणाची बरं गाडी, चांगली ठेवली आहे.

दिवे जवळ आले. आमचीच होती.

सोळा वर्षं ती माझ्या हातात होती. पण बाहेर उभं राहून तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

द्वारकानं काच खाली केली. चेहऱ्यावर दिवसभराची धूळ, कपाळावर भावजयीनं लावलेलं ओलं कुंकू. "अहो, बघत काय हुबं राहिलाय? गेट उघडा की!"

मी गेट उघडलं.